चौदा दिवसांचं पाणी

प्रिय वहिनी,

पत्र बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, हातपाय शाबूत आहेत आणि या महिन्यात कुणाशी भांडलोही नाही. फोन असताना पत्र का लिहितोय हा, असं तू दादाला विचारशील. फोनवर मी कसा बोलतो ते तुला माहीत आहे. अवघड विषय निघाला की माझी रेंज जाते. कागदावर ती सोय नाही, म्हणून आज सुट्टीच्या सकाळी सामानाच्या खोलीत सिमेंटच्या गोण्यांवर बसून लिहितोय. काना-मात्रा चुकल्या असतील तिथे लाल पेनाने गोल कर, पूर्वी करायचीस तसे.

परवा दादाचा फोन आला होता. आपली वस्ती हिवतापमुक्त म्हणून जाहीर करायची ठरली, त्यासाठी मोठ्या दवाखान्यातून नवे साहेब जुनी रजिस्टरं तपासायला आले, इथपर्यंत ऐकून मी नाचायचाच बाकी होतो. मग तो म्हणाला की दोन वर्षांपूर्वीचं रक्त तपासायचं एक किट मोजणीत कमी भरतंय. साठ्यातून गेलंय, पण कुणावर वापरलं ते लिहिलेलं नाही. नोंदीच्या मधोमध एक ओळ कोरी आहे. साहेबांनी विचारलं तर तू म्हणालीस, पडून फुटलं असेल, आठवत नाही. तुला आठवत नाही! जिला वस्तीतल्या प्रत्येक घरात पिंपं किती आणि झाकणं किती ते पाठ आहे, तिला! आता नळावर बायका बोलतात की किट बाहेर विकलं असणार, आणि तू म्हणे शनिवारच्या बैठकीत दवाखान्याची तपासणीची पिशवी परत करून या कामातून मोकळी होणार. वहिनी, हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पिशवीला हात लावू नकोस. मागणं एवढंच आहे. मधली बडबडही वाच मात्र, कारण ती तुझ्याबद्दलच आहे.

ती पिशवी तू खांद्याला लावलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. दवाखान्याच्या सिस्टर वस्तीत आल्या होत्या आणि विचारत होत्या की तुमच्यातलंच कुणी लिहिता-वाचता येणारं घरोघरी रक्त तपासायचं काम करेल का. सगळे एकमेकांकडे बोट दाखवायला लागले, आणि कडेवर लेकीला, छकुलीला घेऊन तू हात वर केलास. मी तुला लगेच ‘डासवहिनी’ नाव ठेवलं. तू मला ‘भिंगरी भावजी’ म्हणायचीस, तेव्हा फिटंफाट. पहिल्या महिन्यात लोक तुला बघून दारं लावायचे. शेजारचे शिंपीकाका तर हात पाठीमागे लपवून म्हणाले होते, माझ्यात रक्तच किती आहे, त्यातलं तुला देऊ? तू म्हणालीस, काका, मला एकच थेंब हवाय, तुमच्या घरातला डास याहून जास्त पितो आणि बदल्यात गोळीही देत नाही. अख्खी गल्ली हसली आणि काकांनी बोट पुढे केलं. त्या दिवशी मी लांब उभा राहून हसत होतो, पण मनात म्हटलं, आपली वहिनी भारी आहे. तोंडावर कधी म्हणालो नाही, ते आज म्हणतोय.

आणि चौथीतून पळालेल्या मला तू पुन्हा लिहायला बसवलंस ते त्याच रजिस्टरवर. तू रक्त घ्यायचीस, नाव सांगायचीस आणि मी लिहायचो. जोडाक्षर आलं की माझ्या कपाळावर घाम. पहिली शंभरेक नावं माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात आहेत, साहेबांनी ती बघितली असतील तर हसले असतील. एकही ओळ सोडायची नाही, उद्यावर टाकायचं नाही, हा तुझा नियम. मी एकदा कंटाळून दोन नावं उद्या लिहू म्हणालो तर तू मला जेवायला वाढलं नव्हतंस.

आता इकडचं ऐक. बारा मजली इमारतीचं काम आहे. मी गवंड्यांच्या हाताखाली आहे, राहायला पत्र्याच्या खोल्या, एकशे चाळीस माणसं. मागच्या पावसाळ्यात यातली एकतीस माणसं थंडी वाजून तापाने पडली. मुकादम म्हणायचा, हवा बदलली की होतं असं. मला राहवेना. तुझ्यासारखी चहाची पांढरी बशी घेतली आणि साचलेलं पाणी दिसेल तिथे बुडवून अळ्या शोधत फिरलो. लोक म्हणाले, भिंगरीचं डोकं फिरलं. (नाव इथेही तेच पडलंय, कसं काय कोण जाणे.) खालच्या गटारात काही सापडलं नाही. सापडलं ते वर, नव्या स्लॅबवर. स्लॅब ओतला की तो पक्का व्हायला चौदा दिवस पाणी लागतं. त्यासाठी आम्ही वर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे बांध घालून पाणी कोंडतो. स्वच्छ, उथळ, उन्हातलं पाणी. त्यात अळ्या कशा, तर पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आडव्या पडलेल्या, तू दाखवायचीस अगदी तशाच. म्हणजे आम्हीच आमच्या डोक्यावर डास पाळत होतो.

बशी तशीच धरून मी इंजिनियरसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, तू घमेली उचलणारा, डॉक्टर कधी झालास? मी म्हणालो, मी नाही साहेब, आमच्या वहिनी झाल्यात. ते हसले, पण बशीत वाकून बघितलं. अडचण अशी की पाणी काढलं तर स्लॅब तडकणार आणि ठेवलं तर माणसं पडणार. शेवटी तोड काढली म्हाताऱ्या मिस्त्रींनी. म्हणाले, पाणी कोंडताच कशाला, जुनी गोणपाटं अंथरा आणि ती दिवसातून तीनदा भिजवा, स्लॅब ओला राहील आणि डासाला पोहायला जागा उरणार नाही. लिफ्टच्या खड्ड्यात गप्पी मासे सोडले. राहिली खोल्यांपुढची पिंपं.

त्यासाठी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘दर शुक्रवारी कोरडा दिवस’. तुझाच शब्द. पण वस्तीत तो शिकवायला तू होतीस, इथे नुसता फळा होता. गुरुवारी संध्याकाळी बघतो तर सगळे घाईघाईने बाटल्या आणून गादीखाली लपवतायत, कारण उद्या दारूचं दुकान बंद! शुक्रवारी पिंपं काठोकाठ भरलेली आणि माणसं उपडी पडलेली. स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणारा सेंट्रिंगवाला तर माझ्यावरच धावून आला, की दुकान तर उघडं आहे, तू आम्हाला फसवलंस. पुढच्या आठवड्यात फळ्यावर लिहिलं, ‘दर शुक्रवारी पिंप उपडं करणे, माणूस नव्हे’. तेव्हापासून कुणी चुकलेलं नाही. आठवड्यातून एकदा पाणी ओतून पिंप घासून उन्हात ठेवायचं, म्हणजे अळीचा डास व्हायच्या आत तिचा मुक्काम उठतो, हे आता इथलं पोरसोर सांगतं.

मग आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मला आणि विटा वाहणाऱ्या एका मावशींना बोटातून रक्त घ्यायला शिकवलं. किटवर एक रेघ आली तर सुटलास, दोन आल्या तर गोळ्या. मी पहिलं बोट टोचलं ते मावशींचंच, आणि त्या म्हणाल्या, अरे बोट माझं आहे, तू कशाला ओठ चावतोस? खरा कस लागला तो गोळ्यांच्या वेळी. त्याच सेंट्रिंगवाल्याला दोन रेघा आल्या. चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर त्याने त्या बंद केल्या. म्हणाला, बरा झालो, आता कडू कशाला गिळू? मी त्याला हाताला धरून वर नेलं, तीन दिवसांपूर्वी ओतलेल्या स्लॅबवर उभं केलं आणि विचारलं, कडक आहे का? म्हणाला, आहे. म्हटलं, मग खालचे टेकू काढून टाकू? तो ओरडला, येडा का खुळा, वरून वाळलाय, आतून कच्चा आहे, चौदा दिवस पाणी नको त्याला? मी म्हणालो, तूही तसाच आहेस. ताप उतरला तो वरून, रोग आत लिव्हरमध्ये दडून बसलाय. त्याने खाली येऊन गोळी गिळली. त्यानंतर आमच्याकडे आजाऱ्याला कुणी तब्येत विचारेना. विचारायचे, किती दिवस पाणी झालं? तो सांगायचा, नऊ झालं, पाच राहिलं.

यंदाचा पावसाळा सरला. एकशे चाळीस माणसांत एकालाही हिवताप नाही. रजिस्टरमध्ये महिनाअखेरीला ओळीने शून्यं पडली आहेत. शाळेत मला इतकी शून्यं मिळाली, पण ती घरी दाखवावीशी कधी वाटली नाहीत. ही मी मावशींना चार वेळा दाखवली. मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी आजूबाजूच्या पाच कामांवरची माणसं बोलावली आणि मला पुढे उभं केलं. चौदा दिवसांच्या पाण्याची गोष्ट मला तिथे सांगायला लावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी विचारलं, हे सगळं शिकलास कुठे? मी तुझं सांगितलं. पिशवीचं, बशीचं, शिंपीकाकांच्या एका थेंबाचं. पुन्हा टाळ्या झाल्या, पहिल्यापेक्षा जास्त. त्या तुझ्या आहेत, मी नुसत्या पोचवतोय. मलाही तुझ्यासारखीच पिशवी मिळाली आहे. खांद्यावर घेतली की मी चक्क सरळ चालतो.

पण टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला खाली बघावं लागलं, वहिनी. सेंट्रिंगवाल्याला स्लॅबवर उभं केलं तेव्हाही माझी जीभ अडखळली होती. त्या किटचं तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देतो. दोन वर्षांपूर्वी मी जुन्या कामावरून थंडीताप घेऊन घरी आलो. दुपारची वेळ होती, दादा कामावर, तू स्वयंपाकघरात माझं डावं बोट टोचलंस आणि दोन रेघा आल्या. रजिस्टर उघडलंस, तर मी तुझा हात धरला. म्हणालो, नाव लिहू नकोस, आमच्या मुकादमाला कळलं तर दोन महिने कामावर घेणार नाही. कधी ओळ न सोडणाऱ्या तू ओळ सोडलीस, ती एका अटीवर, की चौदाच्या चौदा दिवस गोळी घ्यायची. मी छकुलीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला आणि तीन दिवस घेतली. महिन्याने घरीच ताप पुन्हा आला, तोही चार दिवस लपवला. मग दोन वर्षं स्वच्छ असलेल्या आपल्या गल्लीत पाच जणांना हिवताप झाला. पहिले शिंपीकाका, शेवटची छकुली. लोक म्हणाले, डासवहिनीच्याच घरात डास. तू छकुलीचं बोट टोचताना मी दारात उभा होतो. तू एकदाच वर बघितलंस. तोवर माझ्या दाढीच्या डब्यातल्या अकरा दिवसांच्या गोळ्या तुला सापडल्या होत्या, हे मला दुसऱ्या सकाळी कळलं, तू नव्या चौदा दिवसांच्या गोळ्या समोर ठेवल्यास तेव्हा. रोज पुढ्यात उभी राहून गिळायला लावल्यास, जीभ उचलून दाखवायला लावलीस, आणि दादालाही एक शब्द सांगितला नाहीस. सगळे बरे झाले, छकुली पुन्हा पळायला लागली, आणि पाच जणांच्या घरी तू एकटी रोज फेऱ्या घालत होतीस तेव्हा मी पळालो. सुट्टी मिळत नाही हे मी दोन वर्षं खोटं सांगतोय. मिळते. शुक्रवारी पिंपं उपडी केली की मी निघतोय, शनिवारी बैठकीच्या आधी पोचेन. त्या साहेबांना सांग, किट फुटलेलं नाही, विकलेलं नाही, ज्याच्या बोटावर वापरलं तो येतोय. काय बोलायचं ते सगळ्यांसमोर मी बोलेन. पिशवी खुंटीवरच राहू दे, रजिस्टर मात्र काढून ठेव. त्या कोऱ्या ओळीत दुसऱ्या कुणी लिहायचं नाही. माझं नाव मीच लिहिणार आहे, जोडाक्षरासकट.

तुझाच, पायाची भिंगरी काढून घरी येणारा
धाकटा दीर