परतीच्या पाइपाचं बारीक भोक

बाबा, तुमचा मासोळ्यांचा टँक आता माझ्या घरी आहे, आम्ही रोज वंदना म्हणतो त्या जागेला लागूनच. खाली स्टँडमध्ये सम्पची टाकीही तशीच. वरचं पाणी तिच्यात उतरतं, पंप ते पाइपातून परत वर चढवतो. तुम्ही गेल्यावर क्वार्टर सोडताना सगळे म्हणाले, भंगारवाल्याला द्या. मी मासोळ्या बादलीत घालून ऑटोनं घेऊन आले.

मागे भाचीच्या लग्नाला गोंदियाला गेले होते. इकडे तुमच्या जावयांना परतीच्या पाइपाला भोक दिसलं. जन्मभर प्लांटात वेल्डिंग केलेला माणूस, त्यांना कसं बघवेल! पुट्टी लावून बुजवलं. मग लाइट गेली. पंप थांबला आणि वरचं पाणी त्याच पाइपातून उलटं उतरत राहिलं, सम्प भरून फरशीवर. मूर्तीखालचं पांढरं कापड भिजलं. मी आले तेव्हा मासोळ्या तळच्या पाण्यात आडव्या फिरत होत्या.

"उद्या याईले तलावात सोडून येतो," हे म्हणाले. "तुझ्या बाबाची आठवण आहे, मान्य. पण घर बुडवून राहिली ना!"

"पहिले मले पाइप पाहू द्या."

पाइप हातात घेतला आणि सेक्टर सहाचं आपलं स्वयंपाकघर समोर आलं. तुम्ही गॅसवर खिळा लाल करता, पाइप मी धरलाय. आई ओरडते, "नव्या पाइपाले भोक कावून पाडून राहिले जी? पंपहाऊसमध्ये असंच करता का?" तुम्ही हसता. मला म्हणता, "पाणी वर चढवणं सोपं आहे, बाई. पंप थांबला का ते कुठं जाईन, हे पहिले पाह्यचं. भोक पाण्याच्या जरासं खाली ठेवायचं. पाणी उतरलं का भोकातून हवा शिरते, अन् ओढ तुटते." मग तुम्ही मुद्दाम स्विच बंद केला. उतरलेलं पाणी सम्पमध्ये मावलं. पंप पुन्हा लावून सम्पवर आईच्या नेलपॉलिशनं रेघ ओढली. चालू पंपात याच्या वर पाणी भरायचं नाही, म्हणालात.

मीही खिळा तापवला. पाइप यांनी धरला. पंप लावून रेघेपर्यंत पाणी भरलं, मग यांनी स्विच बंद केला आणि आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. पाणी उतरलं, भोकातून सुर्र झालं, थांबलं. सम्प काठाच्या खालीच.

"बुढा हुशार होता," हे म्हणाले. टँक राहिला.

आता यांचं म्हणणं, पंप इन्व्हर्टरवर घेऊ, म्हणजे लाइट गेली तरी थांबणार नाही. मी म्हणते, कशाला बॅटरीचा खर्च! बाबा, खरं कारण ते नाही. लाइट गेली की मेणबत्ती लावून मी टँकजवळ बसते. पाणी उतरू लागतं. सुर्र होईपर्यंत तुम्ही घरात असता.

हा कागद वंदनेच्या पुस्तकात राहील. यांना मी बॅटरीचंच सांगणार.