चार दिवसांचं कॉर्क, तेवीस पानांत

१ फेब्रुवारी, सकाळी
आज वसंत सुरू. बाहेर आडवा पाऊस, खिडकी उघडवत नाही. तरी वसंत तो वसंत. आयर्लंडात तो एक फेब्रुवारीला येतो. बाकीच्या युरोपला तो मार्च संपता संपता सापडतो, त्याला मी काय करणार.

क्लीओनाचा रॉटरडॅमहून फोन. एप्रिलच्या शेवटी चार दिवस यायचा विचार आहे म्हणाली, नवऱ्याला घेऊन. योस्टला आयर्लंडचा इतिहास, खाणं, निसर्ग, सगळं थोडं थोडं बघायचंय. योस्ट नीट विचारून कळवेल म्हणाली. लेक तीन वर्षांनी घरी येणार. छातीत काहीतरी हललं. असम्प्टाला सांगितलं, तर म्हणाली, "सॉसेज पाच खाल्लीस, हलणारच." अडतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

ठराव: आमच्या कॉर्क शहरात चार दिवसांचा असा प्लॅन करायचा की पोरीने परत जाताना रडलं पाहिजे.

३ फेब्रुवारी
प्लॅन सुरू. पाने चार. असम्प्टाने वाचून विचारलं, "यात बसायचं कुठे आहे?" इतिहास बसून बघत नाहीत.

मागच्या वेळचं तिने पुन्हा उकरून काढलं. मागच्या वेळी म्हणे मी पोरीला एका दिवसात अकरा ठिकाणं फिरवली, तिच्या टाचा सोलल्या, आणि स्मशानात आमचं कडाक्याचं भांडण झालं. ठिकाणं दहाच होती. बूट तिचे होते. भांडण म्हणायचं तर ती एकटीच ओरडत होती, मी फक्त थडग्यावरचं नाव मोठ्याने वाचत होतो. तरी असम्प्टाचं मत असं की पोरगी तीन वर्षं आली नाही ती यामुळेच. विमानं रद्द होतात, कामं असतात, माणसाला काय शंभर कारणं असतात.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी
शेजारचा बॅट टूमी आला. चहा घेणार का विचारलं, तर नको म्हणाला. पुन्हा विचारलं, आत्ताच घेतला म्हणाला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा, तू एवढा आग्रहच करतोस तर, म्हणून बसला आणि तीन कप प्यायला. बॅट अक्कलशून्य आहे, पण वळण आहे माणसाला.

जावयाला तेही नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आला तेव्हा असम्प्टाने चहाचं विचारलं आणि हा पहिल्याच फटक्यात म्हणाला, "हो, चालेल." किटली अजून नळाखालीही गेली नव्हती. मग केकचा दुसरा तुकडा नको म्हणाला, तेव्हा मी रीतीप्रमाणे आग्रह केला. चौथ्या आग्रहाला त्याने सुरी खाली ठेवली आणि म्हणाला, "मॉर्टी, मी नाही म्हटलंय." पूल बांधतो म्हणे. माणसं जोडायला कोण शिकवणार?

बॅटला प्लॅन दाखवला. पाने नऊ. बॅट म्हणाला, "डब्लिन नाही यात?" त्याला दार दाखवलं. डब्लिन म्हणजे काय? रुंद रस्ते आणि स्वतःवर खूश असलेली माणसं. खरी राजधानी कॉर्क. हे कॉर्कमध्ये कोणालाही विचारा.

२२ फेब्रुवारी, सकाळी ९
निसर्ग विभागाची तालीम. ली नदीत पाणमांजरं आहेत, आणि ती पहाटे सहाला धक्क्याच्या पायऱ्यांशी हमखास दिसतात. हे मला पक्कं माहीत आहे, एकतीस वर्षं पालिकेच्या पाणी खात्यात मीटर तपासत फिरलो ते उगाच नाही. सहाला गेलो. पाणमांजर नव्हतं. जवळून बघावं म्हणून दोन पायऱ्या उतरलो. पायऱ्यांवर शेवाळ होतं. पाण्यात पडलो असं म्हणता येणार नाही, कमरेपर्यंतच गेलो.

वर एक बाई कुत्रं फिरवत होती. म्हणाली, "अहो, पाणमांजर तिकडे, पुलापाशी. तुम्ही पडलात म्हणून पळालं बघा." म्हणजे होतं. तालीम यशस्वी. प्लॅनमध्ये 'हमखास' या शब्दाखाली रेघ मारली.

८ मार्च
पूर्ण मार्गाची तालीम, बॅटला जावई मानून. चौदा ठिकाणं, साडेनऊ तास. जावई दुसऱ्या ठिकाणानंतर पबमध्ये शिरला तो बाहेर आलाच नाही. खरा जावईही पळ काढणार असेल तर बरंच, पोरीशी मोकळं बोलता येईल.

जुन्या किल्ल्यावर मी तटाकडे बोट करून मोठ्याने माहिती सांगत होतो. सात-आठ लोक जमले. तेवढ्यात तिथली गाइड, वय फार तर पंचवीस, मध्येच म्हणाली, "काका, तुम्ही शंभर वर्षं पुढे गेलात." लोक हसले. हल्ली कोणालाही गाइड करतात. घरी येऊन पुस्तक काढलं. पुस्तकातही चूकच छापलीय.

बाजारात ड्रिशीनची चौकशी केली. मेंढीच्या रक्ताचं ते सॉसेज वजडीबरोबर दुधात शिजवायचं, वर कांदा. अस्सल कॉर्कचं जेवण. पहिल्या रात्री तेच. असम्प्टा म्हणाली, "पोरीला लहानपणी त्याच्या वासाने उलटी व्हायची." जीभ मोठेपणी सुधारते. पाने सतरा.

१७ मार्च, संध्याकाळी
आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा दिवस. मिरवणूक भिजली. असम्प्टा चर्चच्या गायनाला गेली असताना योस्टचा ईमेल आला. सरळ सरकारी पत्र: "प्रिय मॉर्टी, २५ ते २८ एप्रिल आम्ही तुमच्याकडे राहायला आलो तर सोयीचं होईल का? अडचण असेल तर कृपया स्पष्ट सांगा."

स्पष्ट सांगा! याला वळण लावायला वेळ लागेल, पण सुरुवात आजपासून.

लगेच उत्तर पाठवलं, आपल्या रीतीचं, तोलून मापून: "तुम्ही उगाच कशाला एवढा खटाटोप करता? इतक्या लांबून यायचं, आमचं घर लहान, हवा वाईट, आणि असम्प्टाच्या गुडघ्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्यासाठी म्हणून मुळीच येऊ नका." वाचून पाहिलं. फार जमलं होतं. इतकं गोड उत्तर माझ्या वडिलांनाही लिहिता आलं नसतं.

आता ते पुन्हा विचारतील. मग मी म्हणेन, बघा बाई, तुमची इच्छा. मग तिसऱ्यांदा.

१९ मार्च
उत्तर नाही. चांगली खूण आहे. आग्रह कसा करावा याचा विचार करत असतील.

२३ मार्च
उत्तर नाही. पाहुण्यांची खोली रंगवली. क्लीओनाला लहानपणी आवडायचा तो पिवळा. असम्प्टा म्हणाली, हा मोहरीसारखा दिसतो. पाने एकवीस.

२७ मार्च, दुपारी
योस्टचं उत्तर. जसंच्या तसं उतरवून घेतो, पुढे कोर्टात लागेल:

"प्रिय मॉर्टी, तुमच्या स्पष्टपणाबद्दल मनापासून आभार. इतकं सरळ बोलणारा आयरिश माणूस मला प्रथमच भेटला. आम्ही त्याच तारखांना डब्लिनमध्ये हॉटेल घेतलं आहे. असम्प्टाच्या गुडघ्याला लवकर आराम पडो."

डब्लिन.

असम्प्टाने दोन्ही पत्रं वाचली. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचली. म्हणाली, "मॉर्टी, तो डच आहे. त्याला नको म्हटलं की नको कळतं." मी म्हणालो, पण पोरगी कॉर्कची आहे ना, तिने समजवायला नको त्याला? ती म्हणाली, "तिला कदाचित बरंच वाटलं असेल." आणि गॅलरीत दोरीवरचे कपडे काढायला गेली. बाहेर पाऊस होता, कपडे नव्हतेच.

२८ मार्च
रात्रभर विचार केला. चूक शिक्षणपद्धतीची आहे. एक अख्खा देश समुद्राच्या पातळीखाली राहतो आणि त्याला आग्रह शिकवत नाहीत.

त्याला उत्तर पाठवलं: "छे छे, उत्तम झालं, आम्हालाही सुटल्यासारखं वाटलं." यातला दुखावलेला सूर आंधळ्यालाही दिसेल.

२९ मार्च
योस्टने अंगठ्याचं चित्र पाठवलंय.

६ एप्रिल, सकाळी
क्लीओनाचा फोन. मी अंघोळीला होतो, असम्प्टाने घेतला. पोरगी म्हणाली, तुम्ही दोघं डब्लिनला या ना, हॉटेलात अजून एक खोली मिळतेय. असम्प्टा म्हणाली, "हो, येते." वाक्य पूर्ण व्हायच्या आत! मला न विचारता! मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तेव्हा तिचं ठरून चुकलं होतं. गुडघा दुखतो तिचा. मी आठवण केली. म्हणाली, "डब्लिनला जायला दुखत नाही."

मग फोन माझ्याकडे दिला. "बाबा, तू पण ये," क्लीओना म्हणाली. मी म्हणालो, "मी कशाला? मी तुमची अडचण. आणि घर कोण बघणार?" ती म्हणाली, "नक्की?" हे दुसऱ्यांदा विचारणं झालं. माझ्या पायाखालची फरशी ओली होती, तरी मी शांतपणे म्हणालो, "नक्की." आता तिसरं आलं की हो म्हणायचं. शर्ट कोणता घालायचा तेसुद्धा ठरवलं होतं.

ती म्हणाली, "बरं बाबा." आणि फोन ठेवला.

रॉटरडॅममध्ये राहून पोरगी पार बिघडली. असम्प्टा म्हणाली, "फोन करून सांग ना, येतो म्हणून." मी काय भिकारी आहे?

१९ एप्रिल
प्लॅन पूर्ण. पाने तेवीस, नकाशासकट. डब्लिनवाल्यांना शेवटी कंटाळा येईल, मग ते आगगाडीत बसून इकडेच येतील. अडीच तासांचा तर प्रवास आहे. त्या शक्यतेसाठी शेवटची दोन पाने.

२५ एप्रिल, सकाळी ११
असम्प्टाला स्टेशनवर सोडलं. गाडी सुटताना तिने काच खाली करायचा प्रयत्न केला, हल्लीच्या गाड्यांच्या काचा उघडत नाहीत. काहीतरी बोलली. ओठांवरून वाटलं, "चल." नाहीतर "चावी" असेल. चावी खिशातच होती.

प्लॅनची प्रत तिच्या बॅगेत घातली होती. घरी आलो तर ती ओट्यावर, किटलीखाली. घाईत राहिली असणार.

संध्याकाळी
पहिला दिवस एकट्याने पार पाडला. प्लॅन काही वाया घालवायचा नसतो. चौदापैकी पाच ठिकाणं झाली, मग टाच सोलली. बूट नवे आहेत.

रात्री ड्रिशीन शिजवलं. दोघांचं प्रमाण होतं, कमी करता आलं नाही. वास घरभर झालाय. बॅटला बोलावलं, तो तीन वेळा नको म्हणाला. चौथ्यांदा विचारलं तर त्याने दार लावून घेतलं.

२६ एप्रिल, सकाळी १०
असम्प्टाने फोटो पाठवले. समुद्रावरचा कडा, पिवळी फुललेली काटेरी झुडपं, खाली दोन सील. सील म्हणजे काय निसर्ग? मासे खाऊन लोळणारे प्राणी. मग एक संग्रहालय. मग कुठल्याशा बाकावर कागदात मासे खाताना तिघं. एकाच जागी दोन तास बसलो, असं असम्प्टाने लिहिलंय, जणू पराक्रम.

एका फोटोत क्लीओना हसतेय. डोळे मिटून, तोंड उघडं, केस सगळे चेहऱ्यावर. फोटो मोठा करून पाहिला. बराच वेळ पाहिला. माझ्याबरोबर फिरताना ती अशी हसल्याचं आठवत नाही. वारा असेल.

दुपारी १२
ठराव, आणि हा शेवटचा: आता कोणी काहीही विचारलं की पहिल्याच वेळी हो. रीत गेली चुलीत. ते परवा संध्याकाळपर्यंत डब्लिनमध्ये आहेत. दर तासाला गाडी आहे. पिशवी भरली: दोन शर्ट, दाढीचं सामान. प्लॅन घेतला नाही. पिशवी दाराशी ठेवली आणि फोनशेजारी बसलो.

४ वाजून २०
फोन वाजला. क्लीओना. म्हणाली, "बाबा, तुला एक विचारायचं होतं."

मी म्हणालो, "हो!"

ती म्हणाली, "अरे, मी अजून विचारलं कुठे?" मी म्हणालो, "तरी हो. आत्ता. लगेच. अगदी मनापासून." मग तिचा आवाज एकदम भरून आला. म्हणाली, "बाबा, मला वाटलंच नव्हतं तू इतक्या सहज ऐकशील. आई म्हणत होती तू नाहीच म्हणशील. आम्ही परवा तिला आमच्याबरोबर रॉटरडॅमला नेतोय. तीन आठवडे. तिला जरा आराम पडेल. थँक्यू बाबा. खरंच. किती बदललास तू!"

मागून योस्ट ओरडला, "मॉर्टी, तुमचा हा स्पष्टपणा मला फार आवडतो!"

असम्प्टा फोनवर आली. खालच्या आवाजात म्हणाली, "मॉर्टी, तू ठीक आहेस ना? मी परत येऊ का?" मी म्हणालो, "छे, तू कशाला परत येतेस? मजा कर." तिने पुन्हा विचारलं, "नक्की?" अडतीस वर्षं झाली, ती माझी बायको आहे, ती तिसऱ्यांदा विचारणार हे मला माहीत होतं. तेवढ्यात क्लीओनाने तिला हाक मारली, फेरीबोट सुटत होती.

संध्याकाळी ७
पिशवी रिकामी केली. शर्ट पुन्हा हँगरला लावले. पिवळ्या खोलीत थोडा वेळ जाऊन बसलो. रंग मोहरीसारखाच दिसतो.

मला जायचं होतं. पहिल्या दिवसापासून जायचं होतं. डब्लिनलासुद्धा.