हिसामोरी कशी पडली

मु. काठवडगाव, ता. गेवराई
गुरुवार, १३ नोव्हेंबर

चि. राम यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. काळ्या शेळीला दोन पिल्लं झाली. आज सकाळी आईचा केजहून फोन आला होता. म्हणाली, राम तिकडं पुण्यात दोन दिवस धड जेवत नाही, मोबाईलातलं कुठलं तरी गाव जळालं म्हणतो. मी म्हटलं, आई, खेळ असतो तो. तर म्हणाली, "मंग पोरगं रडतंय कावून?"

त्याचंच लिहायला बसले आहे, पण एकदम लिहवत नाही. फोन केला तर तू मधे तोंड घालशील, आणि आमच्या घरात भिंतींना कान आहेत. शेजारचा हरिओम पुण्याला ट्रॅव्हल्सची गाडी घेऊन निघालाय, त्याच्या हाती पत्र देते. बसून वाच.

मागच्या दिवाळीत तू मला तडकलेल्या काचेचा तुझा जुना मोबाईल देऊन गेलास. "यात आमची राजधानी आहे अक्का, हिसामोरी. बघ तरी," म्हणालास. पांढरा कोट, वर वळलेली कौलं, तलवारी वेशीवर ठेवून आत जाणारे योद्धे, मधून नदी, आणि महालात कुणालाच न दिसणारा बालसम्राट. दोन दिवस बघितलं आणि मोबाईल माझ्या सासूला, आत्याबाईंना, भजनं ऐकायला देऊन टाकला.

नंतर वर्षभर तू माझं डोकं खाल्लंस ते तुमच्या कारभाऱ्यावरून. तुम्ही खेळणाऱ्या पोरांनी मतं देऊन निवडलेला, सम्राटाच्या नावानं शहर चालवणारा. कमी बोलतो, दोन शब्दांत हुकूम देतो, दुष्काळातही कोठारं भरलेली ठेवतो. "रिटायर्ड कर्नल असणार बघ!" तुझी तक्रार एकच. तो नदीतला दगड कुणाला काढू देत नाही, म्हणून उत्तरेची भिंत बुटकी राहिली.

राम, तुझा कर्नल आमच्या कापसाच्या खोलीत बसतो. नऊवारी नेसतो आणि तंबाखूची मशेरी लावतो.

दसरा झाल्यावरची गोष्ट. पुरुषमाणसं बाजाराला गेली होती. मी वेचलेला कापूस टाकायला खोलीत गेले, तर आत्याबाई ढिगाला टेकून, मोबाईल तांब्याला उभा लावून बसलेल्या. मला वाटलं कीर्तन चालू आहे. वाकून बघते तर उत्तरेचा दरवाजा, आणि त्याच्यापुढं हातात भाला घेतलेला एक शिपाई कमरेत वाकून मुजरा करतोय. डोक्यावर पाटी, 'केजचा राम'.

माझ्या डोक्यावरचं गाठोडं खाली पडलं. आत्याबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. "तुजाच भाऊ हाय. पहारा बरा करतो, पण दुपारचा लई झोपतो."

मी चार दिवस घरात वेड्यासारखी फिरत होते. ज्या बाईला या घरात भाजी कुठली करायची हेसुद्धा कुणी विचारत नाही, तिच्या हुकमावर पुण्या-नाशिकची पोरं उठतात-बसतात! तुला सांगायला जीभ नुसती वळवळत होती. पण त्यांनी शपथ घातली होती.

आता घरातली दुसरी बातमी. आमची सरपंचाची जागा पुन्हा बाईसाठी सुटली. गेल्या आठवड्यात ओट्यावर बैठक झाली. मामंजी होते, तुझे दाजी होते आणि वाळूवाले सुंदरराव. निवडणुकीचा खर्च त्यांचाच. सुंदरराव मामंजींना म्हणाले, "आश्रुबा, सुनबाईचं नाव टाका. कारभार तुमचा अंगद बघील. सही येती ना त्यांना?" सगळे हसले. मीही हसले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं. गावभर आपलं नाव लागणार म्हणून मी चहात दूध जास्त घातलं.

दुपारी आत्याबाईंनी मला खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "मलाबी असंच इचारलं व्हतं, सही येती का म्हणून."

त्या पाच वर्षं सरपंच होत्या, तुला माहीतच आहे. कारभार मामंजींनी केला, आत्याबाईंनी नुसत्या सह्या केल्या. तसल्याच एका सहीनं नदीतली वाळू उचलायला परवानगी गेली. धुळाजी मेंढकेची सून सुकन्या नदीत बुडाली, ती माझ्या लग्नाआधीची गोष्ट. नदीनं नेली, एवढंच मी ऐकून होते.

"नदी कावून नेईल गं तिला? तिथं गुडघ्याएवढं पाणी. जलमभर बाया तिथं धुणं धुत्यात. ती घोंगड्या धुवायला गेली, रोजच्या जागी पाय ठिवला, आन खाली तळच न्हाई. खड्डा माज्या सहीचा व्हता. मला वाचायला येत व्हतं, प्रियदर्शनी. सातवी पास हाय मी. वाचलं न्हाई."

गेली अकरा वर्षं मी या बाईच्या हाताखाली भाकरी थापते आहे, आणि हे मला माहीत नव्हतं. तेव्हा मला तुमच्या भिंतीचं कोडं उलगडलं.

त्यांनी मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला. "चार दिस शहर तू संभाळ. सही करायची का कारभार, ते तुजं तुलाच कळंल."

थांब राम, आताच कागद फाडू नकोस.

होय, मीच. ज्याला तू ग्रुपवर हलकट म्हणालास, बैल म्हणालास, ती तुझी अक्का. खेळातलं शत्रूचं, उत्तरेचं कुळ चाल करून येतंय हे मला दिसत होतं. तुमचे निरोपावर निरोप येत होते. नदी उघडा, दगड द्या, भिंत वाढवू. तुझे तर एकट्याचे तीन. "कारभारी, पाया पडतो." सख्खा भाऊ पाया पडतोय आणि अक्का गप्प.

नदी उघडायच्या बटणावर बोट गेलं होतं माझं. खेळच तर आहे, म्हटलं. आत्याबाई शेजारी कापसातला कचरा वेचत बसल्या होत्या. तेवढ्यात नदीकडं लक्ष गेलं. खेळ बनवणाऱ्यानं तिथं काठाला चार बाया काढल्यात, मुंगीएवढ्या, कपडे आपटणाऱ्या. तुला कधी दिसल्या का रे? माझं बोट मागं आलं.

मंगळवारी भिंत पडली. महाल, कोठारं, तुझा दरवाजा, सगळं पेटलं. वर्षभराचं त्यांचं राज्य मी चार दिवसांत घालवलं. आत्याबाईंकडं बघायची छाती होईना. त्या म्हणाल्या, "जळू दी. लाकडाचं शहर हाय, परत बांधू. आधी नदीतल्या बाया हायेत का बघ."

होत्या. धुरात धुणं धूत होत्या. आत्याबाईंना दाखवलं, तर त्यांनी पदर तोंडाला लावला आणि किती तरी वेळ काढलाच नाही. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

त्याच संध्याकाळी सुंदरराव परत आले होते. मी चहा ठेवला आणि ओट्यावरच उभी राहिले. म्हटलं, "मी उभी राहते. पण कागद मी वाचणार आन वाळूवर सही करणार न्हाई." माझाच आवाज मला ओळखू आला नाही. सुंदररावांनी कप तसाच ठेवला. मामंजी म्हणाले, "हिचं नाव काटा." तुझे दाजी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. जेवायलाही शेतातच थांबतात. मला भीती वाटते राम, घरची आणि त्या वाळूवाल्याचीही. हे आईला सांगू नको.

पण फॉर्म मी भरणार आहे, कुणाच्याही पॅनलशिवाय. सोमवारी तहसीलला जायचं. आत्याबाई सोबत येते म्हणाल्यात. ठेवणीतलं लुगडं काढून उन्हात टाकलंय, त्यामुळं घरात सगळ्यांना कळलंच आहे. आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं गेवराईला उतरू. घरचं पुरुषमाणूस एकही सोबत नसेल, आणि सुंदररावांची माणसं तिथं असणार.

तुझं शहर मी बुडवलं. त्याबद्दल माफी मागणार नाही. हवं तर माझ्याशी भांड, शिव्या दे, पण समोर येऊन दे. सोमवारी ये. तहसीलच्या दरवाज्यावर उभा राहा. पहारा तू बरा करतोस, असं खुद्द तुझा कर्नल म्हणतो.

फक्त त्या दिवशी झोपू नको.

तुझीच,
जळालेल्या हिसामोरीची कारभारीण,
अक्का