भिंतीपलीकडचं नमो मारिया

३ जुलै १९७२

आले बाई एकदाची. गोझो बेटावरची बोट माल्टाच्या धक्क्याला लागली तेव्हा एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात बकरीच्या चीजची टोपली आणि पोटात काहीच नाही, सगळं समुद्राला देऊन आले. माजी सैनिक संघाचे अध्यक्ष फोर्तुनात साहेब स्वतः घ्यायला आले होते. छाती पुढे, पोट त्याच्याही पुढे. म्हणाले, ग्रेत्सियाबाई, सामान एवढंच? मी म्हटलं, नवरा होता तोवर जास्त असायचं, तो गेल्यापासून सुटसुटीत झालंय. हसावं का टोपी काढावी, त्यांना कळेना.

संघाचं घर बंदराच्या अगदी डोक्यावर. पुढे सभेची खोली, तिथे पाडलेल्या विमानाचा पंखा टांगलाय. मागे माझं स्वयंपाकघर, मग अंगण, अंगणात पावसाच्या पाण्याची विहीर. कोपऱ्यात एक कुलूप लावलेलं दार. ते युद्धातल्या आसऱ्याचं. वेढा पडला होता, रोज बॉम्ब पडायचे, तेव्हा सगळं गाव घराखालच्या त्या दगडी भुयारात राहायचं. माझं काम रांधायचं, झाडायचं आणि म्हाताऱ्यांची पदकं लिंबानं घासायची.

खरं लिहायचं तर मी पगारासाठी आले नाही. माझी धाकटी बहीण विटोरिन इथे डॉक्टराच्या घरी कामाला होती. बेचाळीस साली गेली. बॉम्ब पडला, पुरायलाही काही उरलं नाही, एवढाच निरोप आला. पंधरा ऑगस्टला, सांता मारियाच्या सणाला, संघ मेलेल्यांच्या नावांची नवी शिळा बसवतोय. तिच्यावर विटोरिनचं नाव आलं पाहिजे. गोडीनं जमलं तर गोडीनं, नाहीतर रश्श्यात मीठ ओतून.

९ जुलै

आज रविवार, सगळे जेवायला. तिघं कायमचे. फोर्तुनात साहेब, जिलोर्मू गवंडी आणि तोफेवरचा विस्तिन, ज्याचा एक कान तोफेनं खाल्ला. युद्धात आसऱ्याची राखण या तिघांकडेच होती. एकच जर्मन विमान तिघांनी वेगवेगळं पाडलंय. मी सशाचा रस्सा वाढताना म्हटलं, बिचारा वैमानिक, तीनदा मेला. विस्तिन एवढा हसला की कवळी ताटात पडली.

मग नावाचा विषय काढला. साहेब म्हणाले, शिळा कर्तव्यावर मेलेल्यांची आहे बाई, मोलकरणीचं नाव कसं घालणार. मी विचारलं, डॉक्टराच्या चड्ड्या धुणं कर्तव्य नव्हतं का? तर म्हणे, बाई, रस्सा वाढा.

वाढला. उकळता वाढला.

एक विचित्र आहे. दिवस कलला की माल्टात घराघरातून जपमाळ ऐकू येते. एकानं नमो मारियाचा पहिला अर्धा म्हणायचा, बाकीच्यांनी दुसरा. इथे मात्र त्या वेळेला साहेब रेडिओ मोठा करतात. मी माळ काढली तर जिलोर्मू म्हणाला, या घरात नाही, चर्चमध्ये जा. भर सभेत पाद सुटावा तसं तोंड केलं होतं त्यानं.

१४ जुलै

दुपारी सगळं गाव झोपलेलं. मी विहिरीवर बादली सोडली. खालून एका पोरीचा आवाज आला. नमो मारिया, कृपेनं भरलेली, प्रभू तुझ्यासंगती... असं म्हणत पहिला अर्धा पुरा केला आणि थांबली.

कुणी अर्धा म्हणून थांबलं तर आपण गप्प बसू शकतो का? जीभ आपसूक वळते. मी म्हटलं, पवित्र मारिये, देवाच्या आई, आम्हा पाप्यांसाठी विनवणी कर, आता आणि मरणाच्या घटकेला. खालून लगेच पुढचं नमो मारिया. शेजारच्या घराची विहीर आतून जोडलेली असणार, असं वाटलं. मग मला चेष्टा सुचली. आमच्या पाद्र्यासारखी नाकातून, हेल काढून उत्तरं दिली. मग एप्रन झटकून आत आले, भांडी घासली.

२१ जुलै

रोज दुपारी. आता विहिरीतून नाही, कुलपाच्या दारामागून येतोय.

आज दाराला कान लावला. "प्रभू तुझ्यासंगती" म्हणताना ती श्वास मध्येच तोडते. आमची आई तसं म्हणायची, तिच्यामुळे आम्ही दोघी तसंच म्हणतो. दुसरं कुणी तसं म्हणताना मी आजवर ऐकलं नाही.

तरी उत्तर दिलं. न देऊन कसं चालेल, तिकडे माझी विटोरिन आहे.

२८ जुलै

विस्तिन एकटा जेवायला आला. बाकीचे बँडवाल्यांकडे गेले होते. मी म्हटलं, तोफवाले, तुमच्या दारामागे माझी बहीण जप करते. त्याचा चमचा थांबला. हसला नाही. तू उत्तर तर दिलं नाहीस ना बाई, एवढंच विचारलं. मी म्हटलं, रोज देते.

मग तो रडायला लागला. भरल्या ताटावर, लहान पोरासारखा. आणि सांगितलं.

भुयाराच्या एका फाट्याचं छत कोसळलं, विटोरिन पलीकडे अडकली. जिवंत. ढिगारा उपसायला दुपार पुरली असती. पण त्याच फाट्यात या तिघांनी मदतीच्या जहाजावरून चोरलेलं पीठ आणि खाण्याचे डबे लपवले होते. गाव उपाशी होतं. ते सापडलं असतं तर लोकांनीच त्यांना फाडलं असतं.

ती आतून जप म्हणायला लागली, घाबरलं की म्हणायची तशी. आणि हे तिघं अलीकडून उत्तर देत राहिले. आळीपाळीनं. उत्तर आलं की तिला वाटायचं, माणसं आहेत, येतायत. म्हणून ती ओरडली नाही. बाकीच्या आसऱ्याला वाटलं, कुणीतरी जपमाळ म्हणतंय, म्हणू दे. आणि त्याच वेळी जिलोर्मू फाट्याच्या तोंडावर भिंत चढवत होता.

विस्तिन म्हणाला, आवाज थांबला तरी आम्ही थोडा वेळ उत्तर देत होतो बाई.

मी त्याचं ताट उचललं आणि अंगणात भिरकावलं. बशीसकट.

२ ऑगस्ट

साहेबांना तोंडावर विचारलं. लाजले नाहीत. टोपी नीट केली. म्हणाले, ते दिवस तुला काय माहीत, तू गोझोला अंजीर खात होतीस. मग आवाज गोड केला. तिचं नाव शिळेवर घालू, सगळ्यात वर घालू, सोनेरी अक्षरात घालू. फक्त दार बंद राहू दे.

याच नावासाठी मी आले होते. तीस वर्षं मला दुसरं काही नको होतं.

मी म्हटलं, साहेब, ती सोनेरी अक्षरं तुमच्या थडग्यासाठी ठेवा, तिथे सांगण्यासारखं दुसरं काहीच नसेल.

७ ऑगस्ट

आज मी उत्तर दिलं नाही. ओठ दातात धरून बसले. आतून परत तोच अर्धा. परत. मग प्रार्थना थांबली, आणि दाराच्या फळीपाशी, अगदी माझ्या कानाशी —

येताय ना, असं विचारलं तिनं. मोठ्या माणसाला विचारतात तसं, अदबीनं.

तिला मी कोण ते माहीत नाही. तिच्यासाठी उत्तर देणारे सगळे एकच. मी एवढे दिवस काय केलं? त्या हरामखोरांनी केलं तेच. उत्तर दिलं आणि आत जाऊन भांडी घासली.

११ ऑगस्ट

जिलोर्मूनं दाराला दुसरं कुलूप घातलं. मी म्हटलं, गवंडीदादा, एवढी भीती कशाची, बारीक पोर आहे ती. त्यानं किल्ली कमरेला खोचली.

दाराच्या खालून पांढरी दगडाची भुकटी बाहेर येते. पुसते, परत येते. भुकटीत बोटांचे फराटे आहेत.

विस्तिन यायचा बंद झाला.

१४ ऑगस्ट

जिलोर्मूची कुदळ त्याच्या गाडीवरून उचलून आणली. परकराखाली लपवली. बाईच्या परकरात बघायची हिंमत या शूरांत नाही.

उद्या. सणाच्या फटाक्यांच्या आवाजात कुलपं फोडली तर कळणार नाही.

१५ ऑगस्ट

वर बँड. फटाके बॉम्बसारखे. साहेब शिळेसमोर भाषण करतायत, आम्ही झुकलो नाही वगैरे. कुलपं तोडली. खाली आले. वही एप्रनच्या खिशात, बॅटरी हातात.

जिलोर्मूनं चढवलेल्या भिंतीवर मारियेची मूर्ती बसवलीय त्यांनी. भिंतीवर. तिला उचलून बाजूला ठेवलं, माफी मागितली.

ती पलीकडून म्हणतेय. मी उत्तर देत नाही. कुदळ मारते. हेच माझं उत्तर, ऐक —

भोक पडलं. ती अर्ध्यातच थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

आत शिरले. पिठाची पोती दगड झालीत. डबे. एका कोपऱ्यात तिची चप्पल. हाडं लहान आहेत. आमची विटोरिन केवढीशी होती.

पावलं. तिघंही आले. वर बँड चालू ठेवायला सांगून आले असणार. साहेब म्हणाले, बाहेर ये बाई. मी म्हटलं, आधी वरच्या लोकांना इथे बोलवा. जिलोर्मूनं खाली वाकून दगड उचलला, भोकात बसवला —

एक. अजून एक. मी ढकलते, बाकीचे दोघं बाहेरून रेटतात. कुदळ बाहेरच राहिली, बॅटरी ढकलाढकलीत फुटली.

मी शिव्या घालतेय. येतात तेवढ्या सगळ्या. आईवरून, बापावरून. वर माणसं आहेत, ऐकू गेलं पाहिजे. आणि ते बाहेरून मोठ्यानं, एका सुरात — पवित्र मारिये, देवाच्या आई. माझ्या प्रत्येक शिवीला. विस्तिनसुद्धा. रडत रडत, पण म्हणतोय. वरून कुणी ऐकलं तर वाटेल, म्हातारे जपमाळ म्हणतायत, सणाचा दिवस आहे.

फटीतून उजेड वीतभर. लिहून घेते. फोर्तुनात, जिलोर्मू, विस्तिन. दोनदा. तेव्हा विटोरिन, आता मी ग्रेत्सिया, गोझोतल्या आर्ब गावची —

बोटभर उजेड.

घसा बसला. शिवी निघत नाही. निघालीच पाहिजे, मी गप्प बसले तर ते जिंक —

मागून कुणीतरी हात धरला. गार, भुकटीनं भरलेला. ताई, तू दमलीस, म्हणाली. आता त्यांना मी बोलावते आत, म्हणाली. आणि भिंतीतून हात घालून ती जिलोर्मूचं मनगट —