दहा खुणांचं मैदान

विलमर, १४ ऑक्टोबर

प्रिय आर्लीस,

तुम्ही दोघी मजेत असाल, असं लिहायची हाताला सवय आहे. पण ब्रिटा मजेत नाही हे मला माहीत आहे. इकडे बटाटे काढून झाले, गारठा सुरू झालाय. आठवडाभर तुझा फोन घेतला नाही. कामावर आहे असं बायकोला सांगायला लावलं. काम कसलं, घरातच बसून होतो.

दवाखान्यात मी पोरीची थट्टा केली होती. म्हटलं, गोलकीपर ना तू, पडायचं कसं ते तरी शीक की गं. डोक्याला मार लागलेला, उजेड सोसेना म्हणून डोळ्यांवर टॉवेल, आणि पोर म्हणाली, "चुकलंच माझं, मामा." तिचे कोचही तेच म्हणतात. तिची जागा दुसरीला देणार म्हणे.

आर्लीस, तिचं काहीच चुकलेलं नाही.

विद्यापीठाचं ते मैदान माझ्या टोळीनं अंथरलं. नकली गवताच्या पात्यांत रबराचा चुरा भरतात, पडणाऱ्याला लागू नये म्हणून. ऑगस्टात चुऱ्याचे शेवटचे दोन ट्रक आलेच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तपासनीस यायचा होता. तो नकाशावरच्या दहा खुणांवर वजन टाकून मैदान किती कडक आहे ते मोजतो. त्या खुणा आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ. मी दाताळं घेतलं आणि चुरा ओढून त्या दहा जागी भरला. गोलसमोरून सगळ्यात जास्त ओढला, कारण तिथे खूण नव्हती.

माझा जुना जोडीदार रोसेंडो म्हणाला, "ड्वेन, पोरं काय खुणा बघून पडणार आहेत का?" ट्रक आले की भरू, असं सांगून मी त्याला गप्प केलं. ट्रक आले तेव्हा आम्ही पुढच्या कामावर होतो. मी मागे फिरलो नाही. मैदान पास झालं तेव्हा तुला फोन करून फुशारकी मात्र मारली.

ब्रिटा तिथेच खेळते हे ठाऊक नव्हतं, असंही लिहून पाहिलं होतं. तो कागद फाडला. ठाऊक होतं.

आज सकाळी विद्यापीठात जाऊन सगळं लिहून दिलं. मैदानाला कुलूप लागलं, शनिवारचा सामना रद्द झाला. कोचनाही तोंडावर सांगितलं. माझी नोकरी जाईल. जाऊ दे. तुझ्या दारात यायला मात्र तोंड नाही, म्हणून हे पत्र.

डॉक्टरांनी ब्रिटाला वाचायला मनाई केलीय ना? मग तूच तिला वाचून दाखव. काही गाळू नकोस. आणि वाचताना माझं नाव घे, मामा म्हणू नकोस. ते म्हणायचं की नाही, हे तिचं तिला ठरवू दे.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
ड्वेन