पान एकसष्ट

१० फेब्रुवारी १८५९, गुरुवार

मी पुरुष आहे! वाचक-मंडळाने आज तसं एकमताने ठरवून टाकलं.

रेव्हरंड टकवेल अध्यक्ष, त्यामुळे लंडनहून आलेलं प्रत्येक पुस्तक आधी आठवडाभर त्यांच्या घरी मुक्काम करतं. मग कर्नल ब्रॅकेनबरी, मग डॉक्टर फेनविक, मग ऑडलिंग भगिनी, आणि पाचवे आम्ही. आज माझं पुस्तक कर्नलच्या हाती देताना रेव्हरंड चाळीस मिनिटं बोलले. माझं म्हणजे, वर नुसती 'ए. एम.' अशी माझ्या माहेरच्या नावाची दोन अक्षरं आहेत. लंडनच्या कुठल्याशा साप्ताहिकाने 'पुरुषी जोम' म्हणून पाठ थोपटली, तेवढ्यावर मंडळाने ते मागवलं.

नवव्या पानावरची किटली म्हणजे म्हणे पुनरुत्थानासाठी तळमळणारा आत्मा. मी ती कविता आमच्या किटलीवर लिहिली होती. हसू दाबता दाबता शहाजिऱ्याच्या केकचा ठसका लागला. मिसेस टकवेलनी पाठीवर थापट्या मारल्या आणि म्हणाल्या, मलाही असंच भरून आलं होतं.

खरी गोष्ट फक्त माझ्या भावाला ठाऊक आहे. त्यानेच लंडनला छापून घेतलं. नवऱ्याला, रूबेनला, सांगितलेलं नाही. रूबेन जमिनी मोजतो, आणि साखळी टाकून मोजता येत नाही त्यात त्याला रस नसतो.

१७ फेब्रुवारी

कर्नलसाहेबांचा आठवडा संपला. पुस्तक डॉक्टरांकडे पोचवायला स्वतः निघाले होते, वाटेत मला गाठलं. बाराव्या पानाने त्यांची झोप उडवली आहे.

"हा माणूस क्रिमियाच्या युद्धात लढलाय, मिसेस गार्साइड. त्या धुळीचं असं वर्णन घरात बसून करता येत नाही. कुठली पलटण असेल, तेवढं शोधतोय."

बारावं पान म्हणजे मागच्या अंगणात दोरीवर टाकलेले दिवाणखान्यातले दोन गालिचे, वेताची छडी आणि मी. मी म्हटलं, शोधा, नक्की सापडेल.

१९ फेब्रुवारी

रूबेनला सहज विचारलं, नव्या कविता आल्यात, वाचशील का. म्हणाला, "कशावर आहेत?" म्हटलं, घरावर. म्हणाला, "घर तर मला दिसतंच की."

२४ फेब्रुवारी

मिसेस फेनविक आठवडाभर रडल्या. नेमक्या कुठल्या कवितेला, ते सांगता येईना. सगळीकडेच, म्हणाल्या. डॉक्टरांच्या मते मात्र पुस्तक तरुण मुलींच्या हाती पडू नये, अठराव्या पानावर धुणं धुणाऱ्या बाईचं ओलं मनगट आहे. थोरल्या मिस ऑडलिंगनी, वय एकसष्ट, पानाचा आकडा दोनदा विचारून घेतला, म्हणजे नेमकं तेच टाळता येईल. पुस्तक काखेत मारून अशा तरातरा निघाल्या की धाकटीला मागून पळावं लागलं.

मजा आली. पण घरी येऊन बसले आणि सगळी मजा उतरली. पान एकसष्टबद्दल कुणी एक शब्द काढत नाही.

एकसष्टवर हेस्टर आहे. अकरा दिवसांची होती. या सहा वर्षांत रूबेनने तिचं नाव एकदाही घेतलं नाही. तो घेत नाही म्हणून मीही घेत नाही. दफन करून आला आणि दुसऱ्या दिवशी कुणाचंसं कुरण मोजायला गेला. तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. अजूनही कधीकधी येतो.

हे पुस्तक मी साप्ताहिकांसाठी काढलेलं नाही. आमची पाळी आली की ते सात दिवस आमच्या टेबलावर राहील, एखाद्या संध्याकाळी तो उचलेल, आणि मी तोंडाने सांगू शकत नाही ते वाचेल. एवढ्यासाठी मी नव्वद पानं लिहिली!

३ मार्च

आलं. सोबत ऑडलिंग भगिनींची चिठ्ठी — "शेवट फार उदात्त आहे."

शेवट! चोवीसच्या पुढे पानांच्या कडा जोडलेल्याच आहेत, छापखान्यातून आल्या तशा. कापल्याशिवाय ती वाचता येत नाहीत, आणि चाकू लागलेलाच नाही! चार घरं, चार आठवडे, एक आत्मा, एक पलटण, बादलीभर अश्रू, आणि चोविसाव्या पानापलीकडे कुणी फिरकलेलं नाही. रेव्हरंड तर छातीवर हात ठेवून शेवटच्या कवितेवर बोलले होते. आधी इतकं हसले की स्वयंपाकीणबाई बघायला आली. मग पुस्तक फेकून द्यावंसं वाटलं.

अठरावं पान मात्र हाताळून हाताळून मऊ झालंय.

४ मार्च

पुस्तक रूबेनच्या खुर्चीशेजारी ठेवलं, वर कागद कापायचा चाकू. त्याने त्यावर चहाचा कप ठेवला.

५ मार्च

आज नकाशाचा कोपरा वर येत होता, तो दाबायला पुस्तक कामी आलं. "बरं वजनदार आहे," म्हणाला. साप्ताहिकानंतरचं हेच पहिलं प्रामाणिक मत.

६ मार्च, रविवार

प्रवचनात किटली आली. कर्नल मागच्या बाकावरून जोरात 'आमेन' म्हणाले.

७ मार्च

रात्रीचं जेवण आटोपल्यावर रूबेनने पुस्तक हातात घेतलं. कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "ही पानं कापलेली नाहीत."

"नाहीत," मी म्हटलं.

"चार घरं फिरून आलंय ना हे?"

"हो."

"मग काम असं अर्धवट का सोडलं?"

नकाशांचा धारदार चाकू आणला आणि कापायला बसला. प्रत्येक कड सरळ, घाई नाही. तासभर चाललं होतं. मी एकाच मोज्याची एकच टाच रफू करत बसले आणि मनात पानं मोजत राहिले. एकोणसाठ. एकसष्ट. चाकू थांबला नाही. नव्वदपर्यंत गेला, कागदाचा भुसा त्याने तळहाताने गोळा करून चुलीत टाकला. "झालं. आता वाच," म्हणाला.

थँक यू म्हटलं, वर आले आणि उशीत तोंड खुपसून रडले. किती वेडी मी! बायको पुस्तक लिहिते आणि नवरा त्याच्या कडा कापतो.

८ मार्च

उपवासाआधीचा मंगळवार. पॅनकेक. रूबेनने सात खाल्ले आणि थोरल्या ओढ्याकाठच्या शेताचा निचरा कसा चुकलाय ते सांगितलं. मी हो हो करत होते. त्याच्याकडे पाहून वाटलं, या माणसाशी मी आता फक्त निचऱ्याबद्दलच बोलू शकणार आहे, मरेपर्यंत.

वर गेले तेव्हा तो खालीच होता. हिशेब राहिलेत म्हणाला.

९ मार्च

चर्चला जाऊन आलो. उद्या पुस्तक सहाव्या घरी जायचं. जाऊ दे एकदाचं.

१० मार्च, गुरुवार

गुंडाळण्याआधी पानं झटकायला घेतली. एकसष्टच्या समासात पेन्सिल. नकाशांवर असतं तेच बारीक अक्षर —

"रविवार नव्हे, मंगळवार होता. पाऊस नव्हता, दंव पडलं होतं. हेस्टरचे केस काळे नव्हते. तांबूस होते."

पुस्तक हरवल्याचं मंडळाला कळवलं.

काळे मी यमकासाठी केले होते. तांबूसच होते.