पत्रपेट्यांच्या पलीकडचा रस्ता

काँकर्ड,
१६ जानेवारी

चि. मेरिल यास,
हेस्टरताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या टेकडीवर फोन लागत नाही, आणि लागला तरी तू कोठारातून येईपर्यंत मी काय सांगायचं ते विसरते, म्हणून हे पत्र. आपलं रस्त्याचं विधेयक आज इथे राजधानीत समितीपुढे आलं. तू आला नाहीस ते बरंच झालं. तुझी जीभ आवरली नसती, आणि माझी तर आमदार म्हणून ही पहिलीच खेप.

टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसून बोलायचे तशीच बोलले. म्हटलं, माझा भाऊ राहतो तो रस्ता गावाने आमच्या आजोबांच्या काळातच वाऱ्यावर सोडला. गावाचा प्लाऊ बर्फ सारत पत्रपेट्यांपर्यंत येतो आणि तिथून वळतो, कारण पुढे जायची त्याला परवानगी नाही. वरचा चढ भावाने आपल्या जुन्या ट्रॅक्टरने साफ करायचा. भावाची कंबर गेली आहे आणि भावजयीला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. डिसेंबरात ट्रॅक्टर रुसला, तिची एक खेप चुकली, आणि मग तिला श्वास घेववेना. माझं मागणं एवढंच, की घरात असं आजारी माणूस असेल तर गावाला तो रस्ता साफ करायची मुभा असावी.

समितीचे अध्यक्ष प्लमर सभ्य गृहस्थ आहेत, पण त्यांना प्रत्येक वाक्यात खड्डा दिसतो. एकाला सोय दिली की उद्या टेकडीटेकडीवरून मागणी येईल म्हणाले. दुरुस्त्या येणार आहेत. घाबरू नकोस. सभागृहात माझ्या शेजारी बसणाऱ्या ग्वेनबाई म्हणतात की दुरुस्ती येते म्हणजे विधेयक जिवंत असतं.

पुढच्या थंडीपर्यंत रस्त्याचं झालं नाही तर घर विकून नॅशुआ शहरात, ओडेटच्या बहिणीच्या खालच्या मजल्यावर जाऊ, असं तू ठरवलं आहेस ते मला तिच्याकडून कळलं. निदान मे महिन्यापर्यंत ठरवू नकोस.

ओडेटला आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नये.

तुझी,
हेस्टरताई

*

टेकडीवरून,
२ फेब्रुवारी

ती. हेस्टरताईस,
मेरिलचा शि. सा. न. वि. वि.

दुरुस्त्यांचे कागद मिळाले. मी वाचले. ओडेटला वाचून दाखवले. मग प्लाऊ चालवणाऱ्या वेंडेलला खाली पत्रपेट्यांपाशी गाठून दाखवले. तिघांना मिळून एवढंच कळलं की कुणाला काही कळलेलं नाही.

पहिल्याच ओळीत लिहिलंय की विधेयकातला सगळा मजकूर काढून त्या जागी पुढील मजकूर घालावा. सगळाच काढला तर आपलं राहिलं काय? नंबर तेवढा आपला. आत रस्ता आहे, पण तो ऐंशी वर्षांवरच्यांसाठी. ओडेट अडुसष्टची. ती म्हणते, थांबते बारा वर्षं, कायद्याचा मान राखायला हवा. दुसऱ्या कागदात स्नोमोबाइल क्लबची, म्हणजे बर्फावर गाड्या पळवणाऱ्यांची, संमती घ्यायला सांगितली आहे. त्या लोकांना आपल्या रस्त्यावर बर्फ हवा आहे, ते कशाला संमती देतील? आणि तिसरा कागद पहिला रद्द करतो आणि दुसरा अर्धा ठेवतो. कुठला अर्धा, ते ओडेट आणि मी अजून भांडतो आहोत.

वेंडेल बिचारा ओशाळतो. पत्रपेट्यांपाशी गाडी थांबवून वर आमच्या धुराड्याकडे बघतो आणि उलटा फिरतो. वर आला तर नोकरी जाईल त्याची.

बॉस्टनचा एक माणूस घर बघून गेला. फक्त उन्हाळ्यात येऊन राहणार आणि कोठार पाडणार म्हणाला. मी त्याला नाही म्हटलं नाही, ताई. हेही तुला कळायला हवं.

तब्येत सांभाळ. आम्हा दोघांवर तुझी माया आहेच, ती राहो.

तुझा,
मेरिल

*

काँकर्ड,
२४ फेब्रुवारी

चि. मेरिल यास,
अ. उ. आ.

बातमी वाईट, पण पूर्ण वाईट नव्हे. समितीने एका मताच्या फरकाने आपल्याविरुद्ध शिफारस केली. पण आमच्याकडे समितीत हरलेलं विधेयकही सभागृहात येतंच, हा आपला जुना रिवाज.

आता नीट वाच, मला स्वतःला हे कळायला तीन वेळा विचारावं लागलं. सभागृहात मत विधेयकावर घेत नाहीत, समितीच्या शिफारशीवर घेतात. शिफारस आहे की असा कायदा करू नये. तेव्हा ज्याला कायदा हवा त्याने या शिफारशीला नाही म्हणायचं. म्हणजे आपल्या बाजूच्या माणसाने लाल बटण दाबायचं. हिरवं दाबणारा आपला वैरी.

हे लोकांच्या डोक्यात राहावं म्हणून मी लाल लोकर आणली. उपाहारगृहात सूपच्या रांगेत उभी राहते आणि जो हो म्हणेल त्याच्या कोटाला एक तुकडा बांधते. एका तरुण आमदाराने विचारलं की हा कुठला सण आहे. ग्वेनबाई म्हणतात की चारशे माणसांच्या सभागृहात इतकी शिस्त त्यांनी पाहिली नव्हती.

मतदान पाच मार्चला. ग्रंथालयात जा, तिथल्या संगणकावर सगळं दिसतं. माझ्या नावापुढे लाल दिवा लागेल तो बघ आणि ओडेटला सांग.

बॉस्टनवाल्याला थांबव. लोभाची ऊब अशीच असू दे.

तुझी,
हेस्टरताई

*

टेकडीवरून,
६ मार्च

हेस्टरताईस,
नमस्कार.

काल ग्रंथालयात जाऊन पाहिलं. तू बोललीस ते चांगलं बोललीस. ग्रंथपाल बाईंनी डोळे पुसले. मग दिवे लागले. तुझ्या नावापुढे हिरवा लागला.

मला वाटलं, मीच उलटं समजलो. घरी येऊन तुझं पत्र परत वाचलं. हिरवं दाबणारा आपला वैरी, असं तुझ्याच अक्षरात आहे. आज पेपरातही नावं आली आहेत. विधेयक दोन मतांनी मेलं आणि मारणाऱ्यांत तुझं नाव आहे. वेंडेलने विचारलं तेव्हा मी पेपर घडी करून खिशात घातला.

काही कारण असेल. तुला काही अडचण आली असेल, कुणी काही समजावलं असेल. मला नाही कळत. पण निदान आधी सांगायचं होतंस. मी संगणकाच्या पडद्यावर बघायला नको होतं.

शुक्रवारी बॉस्टनच्या माणसाला होकार कळवतो.

मेरिल

*

टेकडीवरून,
६ मार्च

ती. वन्सं यांस,
ओडेटचा सा. न. वि. वि.

मी लिहिते आहे हे तुमच्या भावाला ठाऊक नाही. पत्र वेंडेल खाली नेऊन टाकेल. तुमचे बंधुराज गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपीत जाऊन बसलेत. गळ घरीच राहिलाय, म्हणजे मासे पकडायला गेलेले नाहीत हे उघड आहे.

मी त्यांना एवढंच म्हटलं, की ज्या माणसाने आमच्या लग्नात फादरचा प्रश्न संपायच्या आधी दोनदा हो म्हटलं आणि वर आमेनही, त्याने बहिणीच्या बटणाबद्दल बोलू नये. तुमच्या घराण्याचा हात डोक्याच्या पुढे धावतो. तुम्ही चुकून दाबलंत हे मला दिवा लागला तेव्हाच कळलं असतं. ते तिथे बसून कटकारस्थानं शोधत होते.

आता मनातलं सांगते, ते त्यांना सांगितलेलं नाही. मला नॅशुआ नको. बहिणीच्या त्या खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून शेजारची भिंत दिसते, आणि मी असं किती जगणार आहे ते मला माहीत नाही, पण भिंतीकडे बघत नाही जगायचं. त्यांना सांगितलं तर ते पुन्हा फावडं घेऊन बर्फात उतरतील आणि माझ्या आधी जातील. म्हणून मी नॅशुआला आनंदाने निघाल्यासारखं दाखवते.

तुम्ही रडत बसला असाल तर उठा. काही करता येतं का बघा. बॉस्टनवाल्याचा नंबर लिहिलेला कागद मी चुलीत घातला आहे. तो पुन्हा शोधायला तुमच्या भावाला वेळ लागेल.

आशीर्वाद आणि लोभ, दोन्ही असू द्यावेत.

आपली,
ओडेट

*

काँकर्ड,
१३ मार्च

चि. मेरिल आणि चि. सौ. ओडेट यांस,
अ. उ. आ.

आधी ते बटण. मेरिल, मला कुणी काही समजावलं नाही. भाषण संपवून मी जागेवर आले, लोक पाठ थोपटत होते. घंटा झाली. समोर दोन बटणं. इतके दिवस मी दुसऱ्यांना लाल, लाल म्हणत होते, पण त्या क्षणी डोक्यात फक्त ओडेट होती, आणि ओडेटला नाही म्हणायला माझा हात तयार होईना. हिरवं दाबून मी समाधानाने मागे टेकले. ग्वेनबाईंनी किंकाळी फोडली तेव्हा यंत्र बंद झालं होतं. माझ्या कोटावर लाल लोकर तशीच. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले, ओडेटचा अंदाज बरोबर आहे.

ग्वेनबाईंनी मला तिथून बाहेर काढलं आणि म्हणाल्या की मूर्खपणा झाला खरा, पण तो उपयोगी पडेल. आमचा नियम असा, की झालेल्या मतदानाचा फेरविचार मागायचा तर जिंकलेल्या बाजूच्या माणसानेच मागायचा. हरलेल्याला तोंड उघडता येत नाही. माझे सगळे लोकरवाले हरलेले. जिंकलेल्यांच्या यादीत आपलं माणूस एकच, ते म्हणजे मी.

एरवी प्लमरांची बाजू त्याच दिवशी शेवटचा खिळा ठोकते. स्वतःच फेरविचार मागायचा, स्वतःच तो पाडायचा, म्हणजे पुन्हा कुणाला मागता येत नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी वादळ येणार होतं आणि सगळे गाड्यांकडे पळाले. खिळा राहिला. पुढच्या बैठकीच्या सुरुवातीलाच मागणी करायची, नंतर मागितली तर उपयोग नाही.

काल ती बैठक होती. मी दार उघडायच्या आधी जाऊन उभी होते. सभापतींनी विचारलं की माननीय सदस्यांनी जिंकलेल्या बाजूने मत दिलं होतं काय. मी म्हटलं, हो, दुर्दैवाने. सगळं सभागृह हसलं. प्लमरही हसले. हसलेल्या माणसाला लगेच कठोर होता येत नाही, हे मला टपाल कचेरीत कळलं होतं. फेरविचार मंजूर झाला. मग ती शिफारस पडली. मग प्लमरांनीच उठून दुरुस्ती सुचवली, की वयाची अट काढा, क्लबची काढा आणि डॉक्टरांचा दाखला ठेवा. मग थेट विधेयकावरच मत होतं, म्हणजे या वेळी खरोखरच हिरवं दाबायचं होतं. मी ग्वेनबाईंना दोनदा विचारून दाबलं.

झालं मंजूर. आता सिनेट, म्हणजे वरचं सभागृह. मेरिल, ओडेटला नॅशुआबद्दल खरं काय वाटतं ते विचार, आणि उत्तर ऐकून फावडं उचलू नकोस.

रागावला असलास तरी लोभ ठेव. तो रागाच्या खाली असतोच.

तुझी,
हेस्टरताई

*

टेकडीवरून,
११ एप्रिल

ती. हेस्टरताईस,
मेरिलचा शि. सा. न. वि. वि.

मी तुला जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. पत्र परत पाठवता येत असेल तर पाठव, ओडेटला चूल पेटवायला कागद लागतातच.

ओडेटला विचारलं. तिने सांगितलं. बॉस्टनवाल्याला मी नकार कळवला आहे.

परवा तुला न सांगता सिनेटच्या सुनावणीला आलो होतो. बोलण्याची छाती झाली नाही, पण दाराशी नोंदीचा कागद होता, त्यावर सही केली. बाजूने आणि विरुद्ध असे दोन रकाने होते. तुमच्याकडे हो म्हणजे नाही असतं हे आता मला पक्कं ठाऊक, म्हणून मी विचारपूर्वक विरुद्धच्या रकान्यात सही केली. बाहेर येऊन एका शिपायाला विचारलं तर तो म्हणाला की सुनावणीत विरुद्ध म्हणजे विरुद्धच.

तेव्हा तुला यादीत एकच विरोधक दिसेल. तो मी आहे. काही करता येत असेल तर कर.

लोभ वाढव म्हणायला तोंड नाही, आहे तेवढा पुरे.

तुझा,
मेरिल

*

काँकर्ड,
२२ मे

चि. मेरिल यास,
अ. उ. आ.

तुझी सही पाहिली. सिनेटच्या बाईंनी मला विचारलं की हा विरोधक आपला कोण. सांगितलं की याच्याच दारापर्यंत रस्ता साफ करायचा आहे. त्यांनी यादी जवळ घेऊन सही पुन्हा वाचली.

सिनेटने विधेयक मंजूर केलं, पण शेपूट लावून. कुणा सदस्याला तळी लवकर साफ हवी होती, आणि त्याची दुरुस्ती जायला दुसरी गाडी नव्हती. आता मासेमारीच्या खोप्या बर्फावरून पूर्वीपेक्षा दोन आठवडे आधी काढायच्या. तुझीही. याचा रस्त्याशी काय संबंध ते मी विचारलं, कुणाला सांगता आलं नाही. पण घ्यायचं तर सगळं घ्या, नाहीतर सोडा, असा मामला होता.

मी तुला विचारलं नाही. आज शेवटचं मतदान झालं. ग्वेनबाईंनी माझं मनगट धरून बोट हिरव्यावर नेलं. विधेयक मंजूर आहे. तुझे दोन आठवडे मी तळ्यात घालवले, त्याबद्दल काय बोलायचं ते बोल.

आता राज्यपालांची सही आणि मग गावच्या पंचांचा होकार. तिथे हात वर केला म्हणजे हो. मी फोन करून खात्री केली आहे.

दोघांनी लोभ ठेवावा, आणि खोपीचा राग तिच्याबरोबरच बर्फावरून काढावा.

तुझी,
हेस्टरताई

*

टेकडीवरून,
२९ नोव्हेंबर

ती. हेस्टरताईस,
मेरिलचा शि. सा. न. वि. वि.

काल पहिला मोठा बर्फ पडला. सकाळी ओडेट कोट घालून, पिशवी मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसली होती. पंचांनी होकार दिला आहे, वेंडेलला सांगितलं आहे, हे सगळं ठाऊक असून मी सवयीने कोठाराकडे निघालो. इतक्या गोष्टी उलट्या झालेल्या पाहिल्यावर माणसाचा विश्वास उडतो.

खाली प्लाऊचा आवाज आला. पत्रपेट्यांपाशी नेहमीसारखा थांबला. मी म्हटलं, संपलं. पुन्हा काहीतरी दुरुस्ती निघाली. मग आवाज वर यायला लागला. आमची पत्रपेटी पात्याखाली येऊ नये म्हणून वेंडेल जागा बघायला खाली उतरला होता, एवढंच.

तो थेट दारापर्यंत आला, अंगणात वळला, आणि वळताना सगळा बर्फ नेमका कोठाराच्या दारापुढे ढकलला. छातीएवढा ढीग. ट्रॅक्टर आत, दार बंद. मी हात वर करून त्याला शिव्या द्यायला लागलो. आपल्या आजोबांच्या सगळ्या दिल्या. मध्येच मला रडू आलं. वेंडेल खिडकीची काच खाली करून वाट बघत राहिला, त्याला वाटलं अजून बाकी आहेत. ओडेट माझ्या शेजारून चालत गेली, गाडीत बसली आणि भोंगा वाजवला.

डायलिसिसला वेळेच्या आधी पोहोचलो. येताना तिने मुद्दाम गाडी पत्रपेट्यांपाशी थांबवायला लावली, आणि वरच्या रस्त्याकडे बघत बसली.

नाताळला ये. रस्ता साफ असेल. लोभ आहे, आणि आता तो पोचवायला वाटही आहे.

तुझा,
मेरिल

ता. क. ट्रॅक्टर अजून आतच आहे. वेंडेल ढीग हटवून देतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे वसंतापर्यंत.